महादेव पाटलाचं मत

चहा निवेपर्यंत ऐका, आणि मध्ये हसू नका. हसायची जागा आली की मीच थांबेन. हा किस्सा आमच्या हिच्याशिवाय मी कुणाला नीट सांगितलेला नाही. फजिती सगळ्यांची होते हो, पण ती चार भिंतींच्या आत होते. माझी शाळेच्या पटांगणात झाली, दोन-अडीचशे माणसांसमोर, पोलिसांच्या साक्षीने, आणि छातीवर पदकं लावलेली असताना.

मी सुभेदार महादेव पाटील, निवृत्त. मूळ गाव साताऱ्याकडे, पण तीस वर्षं झाली डोंबिवलीत, मानपाडा रस्त्याला. एकाहत्तरच्या लढाईत होतो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. आता गुडघे दुखतात, डाव्या कानाने कमी ऐकू येतं आणि चष्म्याशिवाय वर्तमानपत्राचं नावसुद्धा वाचता येत नाही. हे शेवटचं मी कबूल करत नाही. म्हणजे तेव्हा करत नव्हतो.

मतदानाच्या बाबतीत मी जरा कडक आहे. आमची ही म्हणते, जरा नाही, वेडाच्या जवळ आहात. सोसायटीत मतदानाच्या आधी आठ दिवस लोक मला बघून जिन्याने जातात, लिफ्टमध्ये माझ्याबरोबर अडकायला नको म्हणून. पण त्याला कारण आहे. ते सांगितल्याशिवाय पुढचा गाढवपणा कळायचा नाही.

आमच्या पलटणीत बाबू शेळके म्हणून एक पोरगा होता. बार्शीकडचा, माझ्याच वयाचा. लढाई झाली त्याच वर्षी आधी निवडणूक झाली होती, आणि छावणीत मतपत्रिकांचे लखोटे आले. मोठ्या जवानांनी आपापले लखोटे घेतले. मला आणि बाबूला नाही. तेव्हा मतदानाचं वय एकवीस होतं. बाबूने आमच्या हवालदाराला विचारलं, "उस्ताद, गोळी खायला किती वय लागतं?" हवालदाराने त्याला मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावल्या. पुढे थंडीत, एका नदीच्या काठावर, बाबू गेला. मी त्याच्यापासून चार हातांवर होतो. वीस पुरं व्हायला त्याला थोडे दिवस होते. त्या पोराला ह्या देशाने बंदूक दिली, मत दिलं नाही. द्यायला वेळच मिळाला नाही.

तेव्हापासून मी एकही मतदान चुकवलेलं नाही. आणि दुसऱ्याने चुकवलेलं मला सहन होत नाही.

तर गेल्या निवडणुकीची गोष्ट. मतदार यादीचं काम बघणाऱ्या ताई मतदानाच्या चिठ्ठ्या घेऊन आल्या, तेव्हा मीच त्यांना म्हणालो, आमच्या सोसायटीच्या आणि आजूबाजूच्या चिठ्ठ्या माझ्याकडे द्या, मी घरोघर पोचवतो. त्या बिचाऱ्या उन्हात फिरून दमल्या होत्या. त्यांनी गठ्ठा दिला आणि वर सात-आठ चिठ्ठ्या वेगळ्या दिल्या. म्हणाल्या, ह्या जुन्या पत्त्यांवरच्या आहेत, ती घरं आता राहिलेली नाहीत, कुणी सापडलं तर बघा. मी सगळ्या चिठ्ठ्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या, मोहिमेचा नकाशा मांडावा तशा. वाटून झाल्यावर न सापडलेल्यांच्या तेवढ्या उरल्या, आणि माझी स्वतःची.

मतदानाच्या दिवशी सकाळी सहाला मी तयार. कोट, त्यावर पदकं, बूट चकचकीत. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, चष्मा टीव्हीवर राहिलाय तो घ्या. मी म्हणालो, मशीनवरचं बटण दाबायला चष्मा लागत नाही. टेबलावरून "पाटील महादेव रा" एवढं दिसलं ती चिठ्ठी उचलली आणि निघालो.

आमचं केंद्र पालिकेच्या शाळेत. रांगेत मी पहिला. आत पहिल्या टेबलावर एक किडकिडीत कारकून यादी घेऊन बसला होता. ओळखपत्र म्हणून मी मतदार कार्ड दाखवत नाही, पेन्शनचं फोटोवालं कार्ड दाखवतो. तेही चालतं, आणि ऐट राहते. कारकुनाने चिठ्ठी घेतली, यादीतल्या नावावर बोट ठेवलं, मोठ्याने काहीतरी पुकारलं आणि मग विचारलं, "आजोबा, वडिलांचं नाव?"

आजोबा म्हटलेलं मला खपत नाही. मी म्हणालो, "आजोबा घरी. इथे सुभेदार म्हणायचं. सरहद्दीवर उभा होतो तेव्हा शत्रूनेसुद्धा बापाचं नाव विचारलं नव्हतं."

खोलीत हसू फुटलं. बाजूला पक्षांचे प्रतिनिधी बसलेले असतात, त्यात आमच्या फाटकाजवळ इस्त्रीचं दुकान असलेला सुनीलही होता. माझा कोट त्यानेच कडक करून दिलेला. तो मात्र हसला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आदराने बघतोय. कारकून ओशाळला, त्याने यादीत रेघ मारली. पुढच्या टेबलावर बोटाला शाई लागली, मी वहीत झोकदार सही ठोकली, बटण दाबलं, मशीन पीं वाजलं, बाहेर आलो. सात वाजून पाच मिनिटं. मला वाटलं, दिवस सार्थकी लागला.

घरी जायचं की नाही मग? नाही. मी शाळेच्या फाटकापासून नियमाने लांब, एका नाश्त्याच्या गाडीपाशी उभा राहिलो, येणाऱ्या-जाणाऱ्याला शाई लावलेलं बोट दाखवत.

अकराच्या सुमारास एक म्हातारा आला. ऐंशीच्या पुढचा, डोक्याला टोपी, हातात काठी, बरोबर मुलगी. इतक्या वयाचा माणूस रांगेत उभा राहतोय म्हटल्यावर मी पुढे होऊन रांगेतल्यांना सांगितलं आणि त्याला सरळ आत सोडायला लावलं. दहा मिनिटांनी तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. मुलगी त्याला धरून चालवत होती. बोटाला शाई नव्हती.

मी विचारलं, काय झालं. मुलगी, यमुना तिचं नाव, म्हणाली की बाबांच्या नावाने सकाळीच कुणीतरी मत टाकून गेलंय. आतल्या बाई कागदावर मत देऊन लखोट्यात घाला म्हणाल्या, पण ह्यांना काही कळेना, ते उठून बाहेर आले.

माझ्या डोक्यात काय झालं ते काय सांगू. नदीचा काठच आठवला. मी म्हाताऱ्याला नाव विचारलं.

"महादेव पाटील," तो म्हणाला.

आता तुम्ही म्हणाल, इथे तरी ट्यूब पेटायला हवी होती. नाही पेटली. उलट मी त्याचा हात हातात घेतला आणि म्हणालो, अहो, मीही महादेव पाटील. हा दरोडा तुमच्यावर नाही, माझ्याच नावावर पडलाय. गाडीवरचे लोक वळून बघायला लागले.

मग त्याने मला सांगितलं, आणि ते ऐकून माझं उरलंसुरलं डोकं फिरलं. तो इथलाच, आगरी. आमच्या सोसायटीची इमारत आहे तिथेच त्याचं घर होतं. मागे भाताचं शेत. जमीन गेली, घर गेलं, आता तो कळव्याला मुलीकडे असतो. इमारतीकडे काठी करून म्हणाला, "ती लिफ्ट हाय ना तुमची, तिथं माजी चूल होती." मुलगी दर वेळी त्याला सांगते की नाव कळव्याच्या यादीत घालू. तो ऐकत नाही. त्याच्या त्या घराचा पत्ता आता कुठेच लिहिलेला नाही, फक्त ह्या मतदार यादीत आहे. म्हणून दर निवडणुकीला तो कळव्याहून इथे येतो. बोटाला शाई लावून घेतो, जुन्या जागेभोवती एक चक्कर मारतो आणि परत जातो.

"जाव दे, सायेब," तो म्हणाला. "मना आता घरी जावाचा हाय."

त्याने मला सोडलं होतं हो. त्या माणसाने तिथेच सगळं सोडून दिलं होतं. पण मी सोडीन तर सुभेदार कसला?

मी फाटकावर गेलो. तिथला पोलीस हवालदार म्हणाला, तुमचं मत झालंय, परत आत जाता येणार नाही. मी म्हणालो, मग केंद्राध्यक्षांना बाहेर बोलवा, इथे लोकशाहीवर दरोडा पडलाय. हे मी जरा मोठ्याने बोललो. परेडच्या मैदानावर तयार झालेला आवाज आहे माझा, चार इमारतींपर्यंत पोचतो. रांग थांबली. लोकांनी मोबाइल वर केले.

केंद्राध्यक्ष बाहेर आल्या. देसले मॅडम, मुरबाडकडच्या एका शाळेत शिक्षिका. पन्नाशीच्या, आवाज शांत. त्यांनी समजावलं की असं झालं तर कायद्यात सोय आहे. आजोबांना कागदी मतपत्रिका मिळेल, त्यावर शिक्का मारून लखोट्यात बंद करायची. मी विचारलं, ते मत मोजलं जातं का? त्या खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, सहसा नाही, वाद कोर्टात गेला तर.

मी लोकांकडे वळलो आणि हे त्यांना सांगितलं. म्हणालो, चोराचं मत मशीनमध्ये आणि धन्याचं लखोट्यात. मग माझ्या तोंडून ते वाक्य गेलं, ज्याची मला आजही लाज वाटते. मी म्हणालो, आत पक्षांचे प्रतिनिधी बसलेत ते काय झोपले होते? ह्यात आतलं कुणीतरी सामील आहे.

वाक्य तोंडातून गेलं की परत घेता येत नाही, गोळीसारखंच असतं ते. पाच मिनिटांत दोन पक्षांची माणसं समोरासमोर आली. हे म्हणाले, तुमचा माणूस सामील. ते म्हणाले, तुमचा. आत बसलेल्यांपैकी सुनील नेमका तेव्हा पाणी प्यायला बाहेर आला होता. कुणीतरी ओरडलं, हाच सकाळपासून आत आहे. चौघांनी त्याची कॉलर धरली आणि त्याला भिंतीला लावलं. शर्टाची बटणं तुटली. सुनील काही बोलेना. नुसता माझ्याकडे बघत होता, सकाळी बघत होता तसाच.

रांगेतल्या बायका घरी निघाल्या. त्यात एक मुलगी होती, आमच्याच बाजूच्या इमारतीतली, अठरा नुकतीच पूर्ण झालेली. तिला मीच आठवडाभर मागे लागून पहिल्या मतदानाला आणलं होतं. तिची आई तिला हाताला धरून ओढत नेत होती. मला ते दिसलं.  पण मी स्वतःला सांगितलं, खऱ्याची लढाई आहे, थोडं नुकसान होणारच.

हवालदाराने आणखी पोलीस बोलावले होते, ते आले. त्यांच्याबरोबर निवडणुकीचे एक साहेबही आले. त्यांनी मला, म्हाताऱ्याला आणि यमुनाला व्हरांड्यात घेतलं. बाहेर पोलीस सुनीलच्या भोवती उभे राहिले, पण कॉलर धरलेले हात काही सुटले नव्हते. साहेब मला म्हणाले, तुमचं म्हणणं लेखी द्या.

मी दिलं. चष्मा नव्हता, तरी मोठ्या अक्षरात, पानभर. सदर तोतया मतदारास तात्काळ शोधून अटक करावी व त्यास कठोरात कठोर शिक्षा व्हावी, तो कोणीही असो, कितीही मोठा असो, त्याची गय केली जाऊ नये. खाली सही.

देसले मॅडमनी तो कागद हातात घेतला. दुसऱ्या हातात आतून आणलेली सह्यांची वही होती, सकाळी त्या नावापुढे कुणाची सही झाली ते बघायला आणलेली. त्यांनी कागद बघितला. वही बघितली. परत कागद बघितला. शिक्षक माणूस, आयुष्य मुलांच्या वह्या तपासण्यात गेलेलं. त्यांना दुसऱ्यांदा बघायची गरज नव्हती, पण माझ्यासाठी त्यांनी बघितलं असावं.

मग त्यांनी बाजूची खुर्ची माझ्याकडे सरकवली. "सुभेदारसाहेब," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "जरा खाली बसता का?"

मी बसलो. त्यांनी स्वतःचा चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि वही माझ्या मांडीवर ठेवली. यादीतला क्रमांक पाटील महादेव राघो यांचा. पुढे सही. सुभेदार म. रा. पाटील, नि. शेवटी माझी ती लांब शेपटी, जी मी पन्नास वर्षं पगाराच्या आणि पेन्शनच्या कागदांवर मारत आलोय.

माझ्या बापाचं नाव रामचंद्र.

हसायची जागा हीच. पण खरं सांगतो, मला तेव्हा हसू आलं नाही.  ती टेबलावरची उरलेली चिठ्ठी, तो कारकून, आजोबा घरी म्हणणारा मी, सगळं एकदम समोर उभं राहिलं. लोकशाहीवर सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी जो दरोडा पडला होता, त्याचा म्होरक्या कोट घालून, पदकं लावून, पोलिसांसमोर तक्रार लिहून बसला होता.

साहेबांनी ते वाचलं आणि कपाळाला हात लावला. देसले मॅडम चांगल्या बाई. त्या म्हणाल्या, चूक आमच्याकडूनही झाली, वडिलांचं नाव तपासायला हवं होतं. मी म्हणालो, त्या कारकुनाचं नाव लिहू नका, तो विचारत होता, मी विचारू दिलं नाही. साहेब म्हणाले, हेतू दिसत नाही, चूक म्हणून जबाब घेऊ. मग त्यांनी मागच्या बाजूला बोट दाखवलं. शाळेला मागूनही एक फाटक होतं. तिकडून निघून जा म्हणाले, बाहेर लोक तापलेत, तुमचं वय झालंय. बाहेर आम्ही सांगतो की तांत्रिक अडचण होती.

मी उठलोसुद्धा. खोटं कशाला बोलू, मागच्या फाटकाकडे चार पावलं टाकली. लढाईत माझे पाय कधी लटपटले नाहीत, असं मी शाळेतल्या मुलांना पंधरा ऑगस्टला सांगत आलोय. तेही खोटंच आहे, लटपटले होते. तसेच परत लटपटत होते.

पण व्हरांड्याच्या जाळीतून पुढचं पटांगण दिसत होतं. सुनील अजून भिंतीला लागलेला होता. एकाने त्याचा मोबाइल हिसकावून घेतला होता आणि दुसरा त्याच्या तोंडासमोर बोट नाचवत होता. आता पोलिसांनी सांगितलं असतं की तांत्रिक अडचण, तर लोकांनी ते ऐकलं असतं का? उद्यापासून त्याच्या दुकानात कपडे कोण टाकणार होतं?

मी वळलो आणि पुढच्या पायऱ्यांवर जाऊन उभा राहिलो. लोकांना वाटलं, सुभेदार भाषण करणार. गप्प झाले.

मी म्हणालो, "सुनीलला सोडा. तोतया मतदार मी आहे. चष्मा घरी ठेवून आलो, चिठ्ठी दुसऱ्याची उचलली, बापाचं नाव विचारलं तर ऐट मारली, आणि ह्या म्हाताऱ्या माणसाचं मत टाकून आलो. सही माझी आहे. त्याने काही केलेलं नाही."

एवढी शांतता मी फक्त गोळीबार थांबल्यावर ऐकलेली आहे. कॉलरवरचे हात सुटले. मग मागून एक आवाज आला, "काका, मग कठोरात कठोर शिक्षा कधी?" व्हरांड्यात मी लिहिताना मोठ्याने म्हणत होतो, तेही बाहेर ऐकू गेलं होतं. एक हसला, मग दहा, मग सगळं पटांगण. पोलीस हसले. ज्यांनी कॉलर धरली होती तेही हसले. मी उभा राहिलो. शिक्षा झाली ती हीच, आणि ती पुरी होईपर्यंत मी पायरी सोडली नाही.

हसून झाल्यावर रांग परत लागली. ती अठरा वर्षांची मुलगी तेवढी मला परत दिसली नाही. ती नंतर येऊन गेली का, हे तिच्या आईला विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.

सुनीलजवळ गेलो. त्याची माफी मागायला लागलो तर तोच माझी बाही धरून मला बाजूला घेऊन गेला. म्हणाला, साहेब, कारकुनाने सकाळी राघो म्हणून पुकारलं तेव्हाच मला शंका आली होती. तुमच्या दारावर पाटी आहे ना, रामचंद्र लिहिलेली. पण तुम्ही त्याला झापलंत, मग मी काय बोलणार. मी विचारलं, अरे, मग तुला धरलं तेव्हा तरी सांगायचंस. तो बटणं तुटलेला शर्ट नीट करत होता. म्हणाला, "तेव्हा सांगितलं असतं, तर त्यांनी तुम्हाला धरलं असतं."

मी भिंतीपाशी जाऊन त्याची तुटलेली बटणं वेचली आणि त्याच्या हातात दिली. 

तोपर्यंत आत म्हाताऱ्याचं कागदी मत झालं होतं. देसले मॅडमनी त्याला स्वतः सगळं समजावून सांगितलं, लखोटा त्याच्यासमोर बंद केला. शिक्का मारायला मिळाला म्हणून तो जरा खुलला होता. मशीन त्याला कधी आवडलं नव्हतं. बोटाला शाईही लागली. माझं स्वतःचं मत मात्र गेलं. शाई लागलेलं बोट घेऊन दुसऱ्यांदा आत जाता येत नाही. म्हणजे इतक्या वर्षांत पहिल्यांदा, महादेव रामचंद्र पाटील यांनी मतदान केलं नाही, असं सरकार दरबारी लागलं.

यमुना रिक्षा बघायला गेली. म्हातारा शाळेच्या कट्ट्यावर बसला, मी त्याच्या शेजारी बसलो. मी त्याची माफी मागितली. हात जोडूनच मागितली. त्याने मान हलवली, रागावला वगैरे नाही. काठीच्या टोकाने जमिनीवर रेघा मारत बसला. मग म्हणाला, "एक सांग. माजा मत कोनाला टाकलास?"

मी जरा सावरून बसलो. एवढं सगळं होऊनही माझ्यातला सुभेदार मेला नव्हता. मी त्याला समजावलं की मतदान गुप्त असतं, ते कुणालाही सांगायचं नसतं, तोच तर लोकशाहीचा पाया आहे.

त्याने ऐकून घेतलं. "तुजा गुप्त असंल," तो म्हणाला. "पन ता माजा हाय."

बरोबर होतं त्याचं. ज्याचं मत त्याला कळायला नको? मी इकडेतिकडे बघितलं, त्याच्या कानाशी वाकलो आणि उमेदवाराचं नाव सांगितलं. वर कारणही सांगितलं, त्याने विचारलं नव्हतं तरी. प्रचाराला सोसायटीत आला होता तेव्हा त्या उमेदवाराने माझी पदकं बघून सगळ्यांसमोर मला कडक सलाम ठोकला होता.

 म्हाताऱ्याची काठी थांबली. तो आमच्या इमारतीकडे बघत होता, तिच्यामागे एकेकाळी त्याचं भात उभं असायचं तिकडे.

"त्यानंच माजी जमीन खाल्ली," तो म्हणाला. "मी कलव्यावरशी मत टाकाला आयलो, ता त्याला पाडाला."